बडीशेप आल्यावर

फरीज बिन ओमरान, दोहा
५ जानेवारी २०२४

ती. शशीताईस,
प्रतापचा नमस्कार.

सहा वर्षांनी पत्र लिहितोय. माधवराव गेले तेव्हा लिहिलं होतं. वासंती गेली तेव्हा तू लिहिलंस, त्याला मी उत्तर दिलं नाही. हे पत्र म्हणजे ते उत्तर नव्हे. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून ईमेल.

विषय असा. वल्लरीने लग्न ठरवलं आहे. मुलगा फ्रेंच, नाव बास्तियां, तिच्याच ऑफिसात आर्किटेक्ट. मुलात दोष नाही. मी चार महिने शोधला. वेळेवर येतो, चपला बाहेर काढतो, वरणभात हाताने खातो आणि खाताना आवाज करत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ३० जूनला मी रिटायर होतोय. कंपनी निरोप देणार, रेसिडन्स परमिट संपणार, सव्वीस वर्षांनी नाशिकला परत. वासंती गेली त्या वर्षी वल्लरी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही जाल तेव्हा मी पण येणार. टुगेदर जाऊ." मी तेवढं धरून बसलो होतो. आता लग्न झालं की दोघं इथेच राहणार. दोघांचीही कॉन्ट्रॅक्टं पाच वर्षांनी वाढतायत, अल थुमामात फ्लॅट बघून ठेवलाय. म्हणजे मी एकटाच जाणार. ताई, मला एकट्याने जायचं नाही. हे मी वल्लरीला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं तर ती लग्न मोडून येईल आणि जन्मभर ते माझ्या नावावर राहील.

तेव्हा हे लग्न मोडायला हवं, पण माझ्याकडून नाही.

मुलाचे वडील २२ तारखेला तुमच्या मार्सेयहून येतायत, तीन आठवड्यांसाठी. मस्यू ऑनोरे. वय अडुसष्ट, बंदरात टगबोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, पत्नी हयात नाही. त्यांना चहाला बोलावणं भाग आहे. बास्तियां म्हणतो, बाबांना प्रवासाचं काही वाटत नाही, फक्त इथे त्यांचं बडीशेपेचं पेय मिळणार नाही याचं टेन्शन आहे. बाटली आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. इथे परवान्यावर मिळतं, पण मी परवाना कधी काढला नाही आणि तात्पुरत्या पाहुण्याला तो देत नाहीत.

मला दोन गोष्टी कळव. एक, हे पेय काय प्रकार आहे. दोन, मार्सेयच्या माणसाचा अपमान कसा करतात. अपमान त्यांना कळला पाहिजे आणि बाकी कोणाला कळता कामा नये. हे घर आपल्याला चालणार नाही, असं त्यांनी आपणहून म्हटलं पाहिजे.

तुझा,
प्रताप


मार्सेय
९ जानेवारी २०२४

चि. प्रताप यास आशीर्वाद.

सहा वर्षांनी आतेभाऊ लिहितो, आणि विचारतो काय, तर अपमान कसा करायचा. आत्याने तुझ्यावर केलेले संस्कार कुठे गेले ते कळत नाही. असो. विचारलंस तर सांगते.

पेयाचं नाव पास्तिस. त्यात काय असतं ऐक. चक्रीफूल, बडीशेप, ज्येष्ठमध आणि दारू. दारू सोडली तर सगळं तुझ्या आईच्या खोकल्याच्या डब्यात होतं. शंभर वर्षांपूर्वी इथले लोक अ‍ॅबसिंथ प्यायचे, हिरवी असते. ती पिऊन माणसं वेडी होतात असं ठरलं आणि १९१५ साली सरकारने ती बंद केली. पण जिभेला लागलेली बडीशेप अशी सुटते होय. मग तिच्यातलं ते कडू झाड वगळून हे सुरू झालं. पुढे १९४० मध्ये जर्मनांपुढे हरले, तेव्हा नव्या सरकारने ह्यावरही बंदी घातली. लोक असलं पितात म्हणून देश हरला म्हणे. दहाएक वर्षांनी पुन्हा परवानगी मिळाली. मार्सेयचा माणूस हा इतिहास असा सांगतो, जणू सगळं त्याच्या ओसरीवर घडलं.

पिण्याची पद्धत महत्त्वाची. पेल्यात दोन बोटं पिवळं, शेजारी थंड पाण्याचं भांडं. पाणी ओतलं की पिवळ्याचं पांढरं दुधाळ होतं. एकाला पाच पाणी. बर्फ हवा तर शेवटी. आधी टाकला तर अर्क गोठून वर तरंगतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोकसुद्धा मान हलवतात. पुदिन्याचं सरबत घातलं तर त्याला पोपट म्हणतात, डाळिंबाचं घातलं तर टोमॅटो. एकाने पाजलं की दुसऱ्याने पाजायचंच असतं. पाच जण बसले की पाच पेले होतात. म्हणून माधवने मित्र एकच ठेवला होता. रोज संध्याकाळी घरी एकच पेला, बावीस वर्षं. पाणी मी ओतायचे.

आणि हे जेवणाआधीचं आहे, बरं का. जेवणानंतर कोणी पास्तिस मागितला तर त्याला ताप आलाय का बघतात. बडीशेपेचा वास आला म्हणजे काम संपलं, आता माणसं बसणार. त्याआधी इथे कोणी मुद्द्याचं बोलत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. ह्या माणसाला शिव्या दिल्यास तर तो तुझा मित्र होईल. राजकारणावरून भांडलास तर उद्या पुन्हा येईल. पण त्याला घाई केलीस तर उठून जाईल आणि पुन्हा पायरी चढणार नाही. घाई कर. त्याहून मोठा अपमान इथे नाही.

वल्लरीचा फोटो पाठव. तुला एकट्याने जायचं नाही, ते मला समजतं. मी सहा वर्षं एकटी आहे. त्याची सवय होते असं लोक म्हणतात, ते खोटं आहे.

तुझी,
शशीताई


दोहा
२० जानेवारी २०२४

ती. ताईस नमस्कार.

घाईचा मुद्दा उत्तम. पण घड्याळ दाखवलं तर वल्लरी बघेल. त्यावर तोडगा सापडला आहे.

आपल्याकडे बडीशेप आली की पाहुणा उठतो. त्याला सांगावं लागत नाही. भाऊकाका तर अर्धं वाक्य सोडून उठायचे आणि उरलेलं जिन्यात बोलायचे. तेव्हा मी बडीशेपच ठेवणार. वल्लरीला वाटेल, बाबांनी पाहुण्यांची किती आठवण ठेवली, पेय नाही तर निदान बडीशेप. प्रत्यक्षात मी त्यांना चालू लागा म्हणत असेन. ते लोक जेवणाआधी घेतात असं तू लिहिलं आहेस, ते वाचलं. पण बडीशेप ही बडीशेप. देश कुठलाही असो, पोट सारखंच असतं.

वेळापत्रक असं. शुक्रवार २६. चार वाजता आगमन. ४.०५ पाणी. ४.१० उपमा. पोहे करत नाही, पोहे म्हणजे पसंती दिल्यासारखं दिसेल. ४.२५ चहा. ४.४० बडीशेप. ४.५० लिफ्ट.

रात्रीच्या जेवणाचं काही केलेलं नाही, कारण गरज पडणार नाही.

तुझा,
प्रताप

ता.क. वल्लरीचा फोटो जोडला आहे. शेजारी उभा आहे तो तोच.


मार्सेय
२१ जानेवारी २०२४

चि. प्रताप,

तुझ्या योजनेत मला एकही चूक दिसत नाही.

काही बारीक सूचना. बडीशेप ऐन वेळी भाज, गरम असतानाच आण, म्हणजे वास येतो. डबी नको, मोठी वाटी ठेव. शेजारी थंड पाण्याचा तांब्या आणि चार पेले ठेव, बडीशेपेने घसा कोरडा पडतो. बर्फ वेगळ्या भांड्यात. सगळं मधोमध मांड आणि तूही बस.

मुलगा फोटोत वल्लरीकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे नाही. हे तू चार महिन्यांत पाहिलं असशीलच.

शशीताई


दोहा
२७ जानेवारी २०२४

ती. ताईस नमस्कार.

योजना फसली. क्रमाने लिहितो.

मस्यू ऑनोरे ठीक चार वाजता आले. भला थोरला माणूस, हात पान्यासारखे. कोटाची सगळी बटणं लावलेली. सोफ्याच्या कडेला टेकले. इंग्रजी शब्द साठेक येतात, बाकी बास्तियां सांगतो. उपमा अर्धा खाल्ला. दाराकडे दोनदा पाहिलं. मला समाधान वाटत होतं. वेळापत्रकाच्या आम्ही चार मिनिटं पुढे होतो.

४.३६ ला मी बडीशेप आणली.

वाटी टेबलावर ठेवली आणि माणूस बदलला. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि एकच शब्द बोलले. बास्तियां हसायला लागला. म्हणाला, "बाबा म्हणतायत, आली एकदाची." मग त्यांनी कोटाची बटणं काढली. कोट खुर्चीला लावला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि सोफ्यावर मागे रेलून बसले. चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली. तांब्या उचलून पाणी आधी मला ओतलं, मग वल्लरीला, मग मुलाला, शेवटी स्वतःला. बर्फ सगळ्यांत शेवटी. पेला उंच धरून माझ्याकडे बघत थांबले. मलाही धरावा लागला.

४.५० वाजले आणि होऊन गेले.

त्यांनी टगच्या इंजिनाची आकृती पेपर नॅपकिनवर काढली. तिच्यात एक व्हॉल्व्ह चुकीच्या जागी होता, तो मी दुरुस्त केला. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी रास लफानच्या गॅस प्लांटवरच्या एका शटडाऊनची हकीकत सांगितली. वासंतीला मी ती तीनदा सांगितली होती, त्यानंतर कोणाला सांगितली नव्हती. ताई, मी किती वेळ बोललो ते मला आठवत नाही. वल्लरी माझ्याकडे बघत होती.

सहाला वाटी संपली. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. घरात बडीशेप उरली नव्हती, वल्लरीने समोरच्या इकबालभाईंकडून आणली. इकबालभाई परकार रत्नागिरीचे. साडेसातला त्यांनीच दार ठोठावून विचारलं, पाहुणे गेले का. नाही म्हटल्यावर समीनाभाभींनी सुरमईचं कालवण आणि भात पाठवला. सोबत निरोप, की व्याही घरात आणि तुमच्याकडे नुसता उपमा, हे बरं दिसत नाही.

जेवणानंतर मुलं गाडी हलवायला खाली गेली. मस्यूंनी दार लागेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "आय कम फॉर से नो."

मी विचारलं, "नो टू व्हॉट?"

"मॅरेज."

त्यांच्या मुलाचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतं. त्यानंतर तो मार्सेयला परत येणार, असा त्याने त्यांना शब्द दिला होता. घरात ते एकटेच असतात. ते इथे आले होते अपमान करून घ्यायला. पहिली संधी मिळताच रागवायचं आणि वीस मिनिटांत उठायचं, असं विमानातच ठरवलं होतं. म्हणून कोट काढला नव्हता. "उप्मा, आय वॉज लिटल अँग्री," म्हणाले, "आय वेट फॉर मोअर." तेवढ्यात बडीशेप आली. बडीशेप आल्यावर उठून जाणं त्यांच्या रीतीत बसत नाही.

मी म्हटलं, "आय ऑल्सो नो."

आम्ही हात मिळवले.

ते साडेआठला गेले. आज पाचला पुन्हा येणार आहेत, लग्न कसं मोडायचं ते ठरवायला. मी पाव किलो बडीशेप आणून ठेवली आहे.

तांब्या ठेवायला तू सांगितलंस. तुला हे सगळं माहीत होतं.

प्रताप


मार्सेय
३० जानेवारी २०२४

चि. प्रताप,

माहीत होतं. एकतीस वर्षं राहतेय इथे, बडीशेपेने काय होतं ते मला कळणार नाही तर कोणाला. तुला मी ते पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तू वाचलंस आणि पोट सारखंच असतं म्हणालास.

आता माझं ऐक. दोन म्हातारे रोज पाच वाजता समोरासमोर बसून पोरांचं लग्न मोडायचे बेत करतायत, आणि पोरं त्याच घरात वावरतायत. त्यांना डोळे आहेत. तुला वाटतं तू काही बोलला नाहीस म्हणजे त्यांना काही कळणार नाही. वासंतीलाही तू काही सांगायचा नाहीस आणि तिला सगळं कळायचं.

लग्न मोडलं तर वल्लरी येईल तुझ्याबरोबर नाशिकला. कशी येईल, याचा विचार एकदा करून ठेव.

शशीताई


दोहा
११ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस नमस्कार.

लग्न मोडलं. आमच्या हातून काही झालं नाही.

मस्यू रोज पाचला यायचे. मी वाटी मांडायचो, ते पाणी ओतायचे. पहिला पेला संपला की विषय काढायचा असं ठरलं होतं. पण तेवढ्यात इंजिनाचं काहीतरी निघायचं, नाहीतर त्यांच्या बायकोचं, नाहीतर वासंतीचं. विषय उद्यावर जायचा. कधी कधी नुसते चावत बसायचो.

मंगळवारी सहाच्या सुमारास मुलं आली आणि उभीच राहिली. वल्लरी म्हणाली, "बाबा, मी येतेय तुमच्याबरोबर, जूनमध्ये. बास्तियां ऑगस्टला त्याच्या बाबांकडे जातोय. वी हॅव डिसायडेड. खलास." मी का म्हणून विचारलं. म्हणाली, "दहा-बारा दिवस तुम्हाला दोघांना असं बसलेलं बघतोय. तुम्ही किती एकटे आहात ते आम्हाला आधी दिसलंच नव्हतं."

म्हणजे आम्हाला जे हवं होतं ते दोघांनाही मिळालं. मस्यूंनी "बों" म्हटलं, म्हणजे ठीक. त्यानंतर वाटीला कोणी हात लावला नाही.

बुधवारपासून वल्लरी स्वयंपाकघर आवरतेय. जायला साडेचार महिने आहेत, पण खोक्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या. माझ्याशी फार चांगलं वागते. चहा विचारते, औषध घेतलं का विचारते. वासंतीच्या शेवटच्या महिन्यात ती हॉस्पिटलमधल्या नर्सबायांशी असं वागायची. ताई, मला सहन होत नाही. मला ती हवी होती, पण अशी नको होती.

मी तिला म्हटलं, तू राहा, मी जाईन एकटा. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." मस्यूंनी मुलाला तेच सांगितलं, तोही तेच म्हणाला. खऱ्याने भागत नाही असं दिसल्यावर आम्ही शुक्रवारी समुद्रकाठी कॉर्निशवर बाकावर बसून खोटं काय बोलायचं ते ठरवलं, आणि काल संध्याकाळी चौघं बसलो असताना बोललो.

मी सांगितलं, मला नाशिकला नोकरी मिळाली आहे. गोदातीर इंजिनिअरिंग कॉलेज, जुलैपासून. कॅम्पसवर एकच खोली देतायत, तेव्हा तू आलीस तर माझी पंचाईत होईल. तसं कॉलेज नाही. नाव जमवून ठेवलं होतं.

मस्यूंनी सांगितलं, त्यांच्या आयुष्यात दोन वर्षांपासून एक बाई आहे, मुलाला सांगायचं धाडस होत नव्हतं, आता तो घरी राहायला आला तर अवघड होईल. बास्तियांने लगेच नाव विचारलं. एवढी तयारी आम्ही केली नव्हती. मस्यू माझ्याकडे बघायला लागले. मार्सेयच्या एकाच बाईचं नाव मला माहीत आहे.

तेव्हा तुझं नाव दिलं आहे. पत्ताही दिला आहे, कारण नंतर तोही विचारतील.

वल्लरी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शशीआत्या?" मी हो म्हटलं. आज सकाळी तिने खोकी उघडून कढया पुन्हा फळीवर लावल्या. दोघांनीही विश्वास ठेवला आहे.

मस्यू उद्या निघतायत. भेटायला येतील. मी रागाला पात्र आहे, हे मला मान्य आहे.

प्रताप


मार्सेय
२० फेब्रुवारी २०२४

चि. प्रताप,

काल संध्याकाळी सातला बेल वाजली. सहा वर्षांत माझ्या दाराशी पोस्टमन आणि गॅस मीटरवाला सोडून पुरुष आलेला नाही. उघडते तर हा धिप्पाड गृहस्थ, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात बाटली. म्हणाला, मादाम, गेली दोन वर्षं आपलं जे चाललंय त्याबद्दल मी तुमची माफी मागायला आलोय.

मी त्याला आत घेतलं. दारात उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतंच. मी पेले काढले, पाणी ओतलं. सहा वर्षांत ओतलं नव्हतं, तरी एकाला पाच बरोबर पडलं. मग मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच थांबले. बाहेर आले तेव्हा तो तसाच बसला होता, पेल्याला हात न लावता. तेवढ्यासाठी तुला माफ केलं. पूर्ण नाही.

त्याचा मुलगा दर गुरुवारी व्हिडिओ कॉल करतो आणि आता मला बघायला मागतोय. त्यामुळे आता गुरुवारी सातला ह्यांनी माझ्याकडे यायचं असं ठरलंय. तुझ्या वेडेपणापायी मला आता गुरुवारी केस विंचरावे लागणार.

वल्लरीचाही फोन आला. लग्न इथल्या टाऊन हॉलमध्ये, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. व्हिसाला आजच अर्ज टाक, वेळ लागतो.

आता तुझं. ऑनोरेच्या खोट्यात निदान मी आहे, त्याला येऊन बसायला जागा आहे. तुझ्या खोट्यात कोण आहे? जुलैत तू त्या कॉलेजात जाणार म्हणजे कुठे जाणार? हसण्यावारी नेऊ नकोस, मला खरंच काळजी वाटते.

शशीताई


नाशिक
८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

लग्नानंतर पत्र राहिलं. टाऊन हॉलबाहेर तू माझ्या हातात पेला दिलास त्याबद्दल मत विचारलं होतंस. ग्राइप वॉटरसारखं लागलं, पण आत्मविश्वास जास्त. एक पुरे.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फेब्रुवारीपासून द्यायचं आहे, ते देतो. जुलैपासून मी घरी आहे. सकाळी फिरायला जातो, मग पेपर, मग दुपार. दुपार फार मोठी असते.

वल्लरी दर शुक्रवारी फोन करते आणि कॉलेजचं विचारते. सुरुवातीला थोडक्यात सांगायचो. नंतर माणसं वाढत गेली. प्राचार्य सानप म्हणून एक आहेत, त्यांना माझी शिस्त आवडते. मला पहिलं वर्ष दिलंय, एकशे वीस मुलं, हजेरी चांगली. स्टाफरूममधला पंखा बिघडला तर मीच दुरुस्त केला. ऑगस्टमध्ये तिने एकदा दुपारीच व्हिडिओ कॉल केला. मी तो घेतला नाही. रिक्षा करून एका खऱ्या कॉलेजच्या फाटकापुढे गेलो आणि तिथून परत लावला. आत मुलं दिसत होती. ती म्हणाली, "छान आहे, बाबा."

परवाच्या शुक्रवारी मी तिला सांगत होतो की सानपांनी परीक्षेचं काम माझ्यावर टाकलंय. ती मध्येच म्हणाली, "बाबा, सानपांना आता रिटायर होऊ दे."

मी म्हटलं, त्यांना अजून चार वर्षं आहेत.

ती म्हणाली, "ते कॉलेज नाही, बाबा. मी त्याच संध्याकाळी शोधलं. फेब्रुवारीत. शशीआत्याचं तर ऐकतानाच कळलं होतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मला लग्न करायचं होतं. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हटलं असतं, तर मला तुमच्याबरोबर यावं लागलं असतं. म्हणून नाही म्हटलं." आणि रडायला लागली. म्हणाली, मी तुम्हाला एकटं सोडलं आणि ते मला माहीत होतं. मी म्हटलं, यात तुझी काही चूक नाही, कॉलेज मीच नीट निवडलं नाही.

ताई, मला राग आला नाही. सात महिने मला वाटत होतं की मी तिला फसवून पाठवलंय, आणि एक दिवस तिला कळलं की ती सगळं टाकून येईल. तसं नव्हतं. तिने सगळं बघून हो म्हटलं होतं. ते कळल्यावर मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, तेही लिहितो. बराच वेळ वाटत होतं.

दिवाळीला दोघं दहा दिवस येतायत. मी तिला म्हटलं, एवढी सुट्टी मिळते का ते आधी बघ. ती म्हणाली, "मला मिळेल. तुम्हाला मिळते का, विचारा सानपांना."

उद्या विचारून सांगतो म्हटलं.

तुझा,
प्रताप